तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री इंजिन बंद पडलं तर?

नाशिकमध्ये कुणाचं मूल पायलट व्हायला निघालं की घरची माणसं मला हेच विचारतात: एका इंजिनाचं एवढंसं विमान, त्यात रात्र, इंजिन बंद पडलं तर? विचारायलाच हवं. पण सगळे इंजिनापाशीच थांबतात, याचा मला खरंच त्रास होतो. रात्री क्षितिज नाहीसं होतं, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

१६ जुलै १९९९ ची रात्र घ्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन, सोबत पत्नी आणि मेहुणी. विमान पायपर साराटोगा, एका इंजिनाचं. हवा धूसर, खाली समुद्र. तपासात इंजिनात बिघाडाचा पुरावा सापडला नाही. जॉनकडे ३०० तासांच्या आसपास अनुभव होता, बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण अर्धवट होतं. शेवटच्या क्षणांत विमान उजवीकडे कलत गेलं आणि मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने खाली आलं. तिघंही गेले.

असं होतं ते कानामुळे. विमान अगदी सावकाश कललं तर आतल्या कानाला पत्ताच लागत नाही. शरीर म्हणतं, आपण सरळ आहोत. नाक खाली जातं, वेग वाढतो, घाबरून स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढली की वळण आणखी घट्ट होतं. सुटका ठरलेल्या क्रमानेच होते: पॉवर कमी, पंख सरळ, मग हळूच नाक वर. हा क्रम उलटला की संपलं. म्हणून नजर अॅटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे विमान किती कललंय आणि नाक वर की खाली हे दाखवणाऱ्या उपकरणावर हवी.

नाशिकवर रात्री शहराकडून गंगापूर धरणाच्या, त्र्यंबकच्या अंगाला वळलं की समोर दिव्यांचा आधार तुटतो. महामार्गाच्या दिव्यांची तिरकी रांग क्षितिज वाटू शकते. टेकऑफलाही हेच. धावपट्टीचे दिवे मागे पडले की वेग वाढण्याचा धक्का ‘नाक फार वर गेलंय’ असा भास करून देतो आणि हात स्टिक पुढे ढकलतो. उंची दाखवणारा अल्टिमीटर चढताना दिसेपर्यंत बाहेर बघत बसायचं नाही.

उतरताना धावपट्टीच्या अलीकडे नुसता काळोख असेल तर आपण उंच आहोत असं वाटतं आणि विमान खाली घसरत राहतं. धावपट्टीशेजारी उतार दाखवणारे चार दिवे असतात, त्यांना पापी (PAPI) म्हणतात. त्यातले दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही लाल दिसले तर तुम्ही फार खाली आहात, चर्चा नको, पॉवर द्या. सेसना १७२ या एका इंजिनाच्या विमानाला फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, साधारण ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर) वेग आणि मिनिटाला ३५० फूट उतार पुरतो. आणि नाशिकची जमीनच समुद्रसपाटीपासून २,००० फुटांच्या आसपास आहे. अल्टिमीटर ३,००० दाखवतो तेव्हा पायाखाली हजारच असतात.

व्यावसायिक पायलटच्या परवान्याला रात्रीच्या उड्डाणाचे ५ तास आणि स्वतःच्या जबाबदारीवर १० टेकऑफ, १० लँडिंग लागतात. मला ते थोडेच वाटतात.

आता इंजिन. ‘इंजिनाला दिवस-रात्र कळत नाही’ असं मी पूर्वी सांगून मोकळा व्हायचो. वाक्य खरं आहे, पण उत्तर म्हणून अपुरं आहे. इंजिनाला कळत नसलं तरी जमीन शोधणाऱ्याला कळतं. इंजिन बंद पडलेलं सेसना १७२ एक हजार फूट उंचीवरून, वारा नसेल तर, पावणेतीन किलोमीटरपर्यंत तरंगत जातं. म्हणून सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, धावपट्टीला धरून ठेवायचं. त्यापलीकडे असाल तर काळा पट्टा निवडायचा, कारण दिवे म्हणजे घरं. पण आमच्याकडे काळा पट्टा म्हणजे मोकळं शेतच असेल असं नाही. द्राक्षबाग असू शकते, म्हणजे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. लँडिंग लाइटमध्ये त्या दिसतील तेव्हा वळायला उंची उरलेली नसेल.

यावर माझ्याकडे तुमचं समाधान करणारं उत्तर नाही. तरीही मूल माझं असतं तर मी त्याला पाठवलं असतं. फक्त त्याआधी प्रशिक्षकाला विचारलं असतं, की आतले दिवे बंद करून, टॉर्चच्या उजेडात उपकरणं वाचत किती सर्किट करून घेतलीत?