आधारासाठी नाही केलं लग्न

"बरं झालं बाई, दोघांना एकमेकांचा आधार झाला." लग्नानंतर हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकते. आमच्या कन्नमवार नगरातल्या शेजारणी म्हणतात, ऑफिसातल्या म्हणतात, माहेरचेही म्हणतात. सगळ्यांच्या मनात चांगलंच असतं, पण खरं ते नाही. विधवेने पंचेचाळिशीत लग्न केलं की लोकांना काहीतरी गरजेचं कारण हवं असतं. म्हातारपणी सोबत, मुलाला बाप, जखमी माणसाचं करायला कोणीतरी. मला नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि मेजर, म्हणजे माझा आताचा नवरा, गेली वीस वर्षं स्वतःचा कृत्रिम पाय स्वतः लावतोय, स्वतःची भाकरी स्वतः थापतोय. आम्ही लग्न केलं कारण आम्हाला एकमेकांवाचून करमेना.

तो हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्या साताऱ्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. वाईत आमची घरं एकाच आळीत. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात पंगतीत वाढायला तो असायचा आणि माझ्या पानाशी आला की जरा रेंगाळायचा. बस, एवढंच. बोलणं कधी झालं नाही. तो भरती झाला आणि २००१ मध्ये लग्न होऊन मी विक्रोळीला आले.

त्याच वर्षी डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर गेलं. ऑपरेशन पराक्रम. कित्येक महिने दोन्हीकडची फौज समोरासमोर उभी राहिली आणि युद्ध झालंच नाही. २००२ च्या ऑक्टोबरात माघारीचा निर्णय झाला, पण शेताशेतांत पेरलेले सुरुंग तसेच होते. ते काढताना मेजरचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. २६ जुलैला कारगिल सगळ्यांना आठवतं, आठवायलाच हवं. या मोहिमेला असा दिवस नाही. लोक विचारतात, "कारगिल का?" तो "नाही" म्हणतो, आणि पुढचं ऐकायला बहुधा कोणी थांबत नाही. त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, फार वाटतं.

माझा पहिला नवरा २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. भला माणूस होता. त्याच्यासोबतची वर्षं माझीच आहेत, ती कोणी माझ्याकडून घेतलेली नाहीत. तेव्हा कोणाला घरी येता आलं नाही, म्हणून माझ्या बांगड्या फोडायलाही कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ती बातमी सासूबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि पेपर घडी करत म्हणाल्या, "उद्यापासून टिकली लाव गं." मेजरचं कळल्यावर सगळ्यात आधी हो म्हणाल्या त्याही त्याच.

मेजर पुन्हा भेटला तो उत्सवातच. आमटीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. या वेळी मी बोलले.

पायाबद्दल लिहायलाच हवं, कारण लोकांना वाटतं मी त्याची सेवा करते. मुंबईची दमट हवा कृत्रिम पायाला मानवत नाही. आत पायावर चढवायचं सिलिकॉनचं आवरण असतं, लायनर, त्यात घाम साचतो. मधेच काढून पुसला नाही तर पुरळ उठतं. संध्याकाळपर्यंत स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, थोडा आक्रसतो, कृत्रिम पाय सैल पडतो, मग वरून आणखी एक मोजा चढवावा लागतो. तो मोजा त्याच्या खिशात असतो. दिव्यांगांच्या डब्यात बसायला मिळालं की घाटकोपर ते दादर हे सगळं उरकतो. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना खोटा पाय आधी, हे त्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात शिकवलं. वानवडीचं हे लष्करी केंद्र १९४४ पासून चालू आहे. मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेले तेव्हा दोन दांड्यांमध्ये चालायला शिकणारी पोरं पाहिली, माझ्या मुलाच्या वयाची. एकाचा तोल गेला तसा मेजर बाकावरून ओरडला, "खाली नको बघू, समोर बघ!" पोरगं हसलं आणि सरळ चालत आलं. त्या दिवशी मी परतीच्या गाडीत त्याला लग्नाचं विचारलं.

रात्री कधीकधी त्याच्या नसलेल्या अंगठ्यात कळ येते. तो उठून बसतो, मी स्टंप चोळून देते. हे ऐकलं की लोक म्हणतात, बघ, आधारच की! पण माझं डोकं उठतं तेव्हा खिडक्या लावून, बाम चोळून तो माझ्या उशाशी बसतो. त्याला नाही कोणी आधार म्हणत.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, तीस दिवसांची नोटीस देऊन, पहिल्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला जोडून. एका नातेवाइकाने सुचवलं होतं, देवळात हार घाला, नोंदणी नको. कारण पीएफची विधवा पेन्शन पुनर्विवाह केला की बंद होते. मी स्वतः लिहून कळवलं आणि बंद करवून घेतली. थोडे पैसे राहावेत म्हणून याला जगापासून लपवायचं? ते मला जमण्यासारखं नव्हतं.

मुलगा त्याला काका म्हणतो. मेजरचे मोजे दोरीवर वाळत असतात, पाऊस आला की तोच पळत जाऊन काढतो. पुढच्या महिन्यात नव्या सॉकेटचं, म्हणजे स्टंप बसतो त्या खोबणीचं, माप द्यायला पुण्याला जायचंय, त्यालाही यायचंय. तिथून वाईला जाऊ. आई अजून मेजरला बाहेरच्या खोलीत बसवून पाहुण्यासारखा चहा देते आणि मला आत बोलावून हळूच विचारते, "नीट चाललंय ना, त्याचं फार करावं लागत नाही ना?" या वेळी मी तिला त्याच्यासमोर, बाहेरच्या खोलीतच सांगणार आहे की आई, मला हा माणूस शाळेत असल्यापासून आवडतो.