आमची वाटचाल : हौद आमचा, पाटी त्यांची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरल्यावर कुणालाही 'उंदरांचा हौद करणारे' म्हणून विचारा, गाळा नंबर लागत नाही. डावीकडे ऑइल इंजिनचे स्पेअर, उजवीकडे गियर कटिंग, मध्ये आम्ही, औषधांच्या संशोधनात उंदरांची स्मरणशक्ती तपासायचा पाण्याचा हौद करणारे. सुरुवातीला शेजारचे म्हणायचे, "लेका, सापळे कर सापळे, लई खपतील. उंदरांना पोहायला कशाला शिकवतोस?" त्यांच्यातल्याच एकाची पोरगी पुढं एम. फार्म.ला गेली आणि तिच्या थीसिसचं काम आमच्याच हौदात झालं. तेव्हापासून ते गप्प आहेत.

वडिलांनी फर्म काढली ती शेरिंग्टन ड्रमच्या, म्हणजे बेडकाच्या हृदयाची धडधड कागदावर उतरवणाऱ्या फिरत्या नळकांड्याच्या, दुरुस्तीवर. जुन्या फार्माकॉलॉजीवाल्यांना सांगायला नको. काजळी धरलेला कागद, त्यावर लिव्हरची पांढरी रेघ, आणि नेमका परीक्षेच्या दिवशी गियर सरकणार. वडील सायकलच्या कॅरियरला ड्रम बांधून आणायचे, रात्रीत दात बसवून सकाळी कॉलेजात पोचवायचे. पुढं प्राण्यांवरची प्रॅक्टिकल कमी होत गेली, बेडकाचं हृदय कॉम्प्युटरच्या पडद्यावर धडधडायला लागलं आणि ड्रम कपाटावर गेले. मी धंदा हातात घेतला तेव्हा उंदरांचा तोल मोजणाऱ्या रोटारॉड आणि हालचाल मोजणाऱ्या अ‍ॅक्टोफोटोमीटरवर कसंबसं भागत होतं.

तेव्हा मॅडम आल्या. नाव छापायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. इथून तासाभरावरच्या कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवायच्या. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, प्रोजेक्ट मंजूर झाला होता : स्कोपोलामाइन देऊन उंदराची आठवण घालवायची आणि ब्राह्मीच्या अर्कानं ती किती सावरते ते बघायचं. त्यासाठी लागणाऱ्या परदेशी मेझचं, म्हणजे उंदरांच्या चक्रव्यूहाचं, कोटेशन त्यांच्या अख्ख्या इक्विपमेंट हेडच्या वर गेलेलं. पर्समधून रिचर्ड मॉरिस यांच्या पेपरची झेरॉक्स काढली. या गृहस्थांनी १९८१ साली ही पाण्याची चाचणी मांडली आणि आजही डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, औषधावर काम करणाऱ्याला ती टाळता येत नाही. "दादा, असा हौद होईल?" मी म्हटलं, हौदच आहे, न व्हायला काय झालं?

हौद सोपा, बाकी सगळं अवघड. १.८ मीटर व्यासाच्या हौदात ४० सेंटिमीटर पाणी भरलं की हजार लिटर होतं, म्हणजे टनभर वजन. भिंत पातळ असली की हौद पोट काढतो. आतून सांधा दिसला तर त्याहून वाईट, कारण उंदीर लबाड. त्यानं खोलीच्या भिंतीवरची चित्रं बघून पाण्याखालच्या प्लॅटफॉर्मची जागा लक्षात ठेवायची असते, पण सांधा दिसला की तो तीच खूण धरतो आणि सरळ जाऊन बसतो. प्लॅटफॉर्म पाण्याखाली जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. हौद कलता बसला तर एका चतुर्थांशात तो खोल बुडालेला आणि समोरच्यात उघडा पडलेला. मग स्मरणशक्ती कसली मोजताय?

फायबरचं काम तात्यांनी केलं. तात्या म्हणजे माझे पहिले आणि शेवटचे भागीदार. मूळ धंदा गणपती मंडळांच्या देखाव्यांचा, मोल्ड काढण्यात हात धरणारा नाही. त्यांनी जेल कोटचा पहिला थर दिला, मॅट टाकून रेझिन ओतलं आणि रोलरनं हवेचा बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढला. मग पाणीकागद. आधी चारशे, मग हजार नंबर. आतून बोट फिरवलं तर कुठं अडायचं नाही असा सांधा. पांढऱ्या विस्टार उंदरांसाठी आतला रंग काळा, नाहीतर वरच्या कॅमेऱ्याला उंदीर दिसत नाही. मॅडम पाणसळ घेऊन आल्या, साडीचा पदर खोचून हौदाच्या काठावर आठ ठिकाणी ती ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "बिल कुणाच्या नावानं करू?" माझ्या आयुष्यात गिऱ्हाइकानं हा प्रश्न स्वतःहून विचारल्याचे प्रसंग मोजकेच.

मधली वर्षं चांगली गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आमची पाटी पितळेची असायची. चार रिव्हेट मारून हौदाच्या बाहेरच्या बाजूला बसवलेली, त्यावर फर्मचं नाव आणि खाली कोल्हापूर. ती का महत्त्वाची हे संशोधकांना ठाऊक आहे : शोधनिबंधात उपकरणाच्या पुढं कंसात करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायची रीत असते. परदेशी जर्नलमध्ये पहिल्यांदा 'कोल्हापूर, इंडिया' छापून आलं तेव्हा मी ते पान फ्रेम केलं. तात्यांनी चष्मा लावून सगळं पान न्याहाळलं आणि विचारलं, "ह्यात फायबरचं कुठं लिवलंय?"

आता पाटी त्यांची झाली ते प्रकरण. मोठ्या शहरातला एक व्यापारी आमचा माल घ्यायचा. बोलायला गोड, पेमेंट वेळेवर. आम्हाला वाटायचं माल त्याच्या गिऱ्हाइकांकडं आमच्याच नावानं जातोय. एकदा मॅडमनी एका निबंधाचा फोटो पाठवला. हौद आमचा, कंसात नाव त्याचं, गाव त्याचं. फोटो मोठा करून बघितला तर त्याच्या चकचकीत स्टिकरच्या चारी कोपऱ्यांना आमच्या रिव्हेटची भोकं. पाटी उपसून काढलेली! फोन केला तर म्हणतो, "दादा, ब्रँडिंग असतं ते." पुढं त्यानं स्वतःच नक्कल काढली. पातळ पीव्हीसी शीट, आतून वेल्डिंगची गाठ दिसणारी, आणि जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा. स्पेसिफिकेशनमध्ये व्यास लिहितात, उंची लिहितात, रंग लिहितात. भिंतीची जाडी आणि आतून सांधा नसावा ही अट कोण लिहितो? त्याचे हौद पोट काढून बसलेत, मी स्वतः बघितलेत. तरी अजून त्याचंच नाव छापून येतं.

हे पचवतोय तोवर २०२० उजाडलं. एका मोठ्या संस्थेत डिमेन्शियावरचा प्रोजेक्ट मंजूर होता आणि ऑर्डर संपूर्ण सेटची होती : वॉटर मेझ, आठ हातांचा रेडियल मेझ, एलिव्हेटेड प्लस मेझ आणि पुतण्यानं लिहिलेलं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर. या सॉफ्टवेअरवर पोरानं रात्री जागवल्या होत्या. पाण्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडायचं आणि प्रोग्रॅम त्यालाच उंदीर समजून त्याच्या मागं लागायचा. शेवटी दिवे भिंतीकडं तोंड करून लावले तेव्हा निस्तरलं. माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचला, बसवून दिला, सही-शिक्का झाला. मग लॉकडाउन.

अनुदान हप्त्यानं येतं. पहिल्या हप्त्याचं यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. खरेदी विभाग म्हणाला, हेडला बॅलन्स नाही. अकाउंट्स म्हणालं, यूसीच गेलेलं नाही. ज्यांच्या नावावर प्रोजेक्ट ते साहेब म्हणाले, मी तर आता दुसरीकडं जॉइन झालो. तिघंही खरंच बोलत होते, हीच तर गंमत. सहा लाखांच्या वर रक्कम अडकली. बँकेचं कॅश क्रेडिट तोंडापर्यंत आलेलं, रेझिनवाला रोज फोन करणार. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायची तरतूद आहे आणि तक्रारीसाठी समाधान पोर्टलही होतं. पण तक्रार टाकली की त्या संस्थेत परत पाय ठेवायची सोय उरत नाही, हे कुठल्या पोर्टलवर लिहिलेलं नसतं. तात्या तोवर थकले होते, त्यांचा हिस्सा देऊन मोकळं करणं भाग होतं. वडिलांची किर्लोस्कर लेथ विकली. घेणारा आमच्याच गल्लीतला, त्यामुळं तिचा आवाज अजून ऐकू येतो.

वर्षानं काही कामासाठी त्या संस्थेत गेलो तर आमचा हौद जिन्याखाली. त्यात जुन्या फायली भरलेल्या.

आम्हाला बाहेर काढलं मॅडमनी. निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा प्रोजेक्ट आयुष मंत्रालयाकडून आला होता. माल पोचल्याच्या आठवड्यात बिल स्वतः हातात घेऊन त्या अकाउंट्समध्ये जाऊन बसल्या आणि चेक निघेपर्यंत उठल्या नाहीत. शिवाय सांगली, सोलापूर, बेळगाव इथं शिकवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन केले. त्या ऑर्डरींवर बँकेचं खातं सरळ झालं.

एवढं भोगल्यावर चार शब्द सांगायचा मला हक्क आहे, कुणी विचारलं नसलं तरी. आपल्या देशात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाचे आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. औषधाच्या नावानं मात्र १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं डोनेपेझिल आणि त्याच्यासारखी दोन-चार. तीसुद्धा लक्षणांपुरती. लेकॅनेमॅबला २०२३ साली तिथं मंजुरी मिळाली, पण चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. म्हणजे काम ढीगभर आहे आणि त्यासाठी पैसाही आहे. पैसा येतो कुठून आणि कशासाठी, हे अर्ज करणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी आधी बघावं.

आयसीएमआर आहेच. सर्ब या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी मंडळाचं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडं गेलंय. त्याचा कायदा २०२३ चा आणि पाच वर्षांसाठी ५० हजार कोटींचा आकडा जाहीर झालेला. ब्राह्मी, अश्वगंधा असेल तर आयुष. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन बाहेरच्या देशांतल्या संशोधकांनाही अनुदान देते. १९९८ पासूनचं अल्झायमर्स ड्रग डिस्कव्हरी फाउंडेशन तर औषध कंपन्यांनाही पैसे देतं, पण त्यांना माणसापर्यंत पोचण्याच्या बेतात असलेलं औषध लागतं. उंदराला ब्राह्मी पाजून हुशार केला, एवढ्यावर तिथं भागत नाही. आणि परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी आधी बघा. ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आपल्याकडची बरीच कॉलेजं शिक्षण संस्थांची, ऑफिसात हा प्रश्न विचारा आणि मग रात्री जागवा.

मीही एकदा हात मारून बघितला. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत, अठरा महिन्यांसाठी. पुतण्याचं सॉफ्टवेअर मोठं करायचं डोक्यात होतं. पुण्याला व्हेंचर सेंटरमध्ये चौकशी केली, माणसं नीट बोलली. पण मालकी फर्मला ते मिळत नाही, कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, पाहिजे. वडिलांच्या नावाची फर्म मोडून कंपनी काढायची माझी तयारी नाही. पुतण्यानं आता वेगळी एलएलपी केलीय. त्याचा अर्ज तो बघेल.

बजेट लिहिताना मात्र आम्हाला आधी विचारा. लोक जुन्या ब्रोशरवरून किंमत टाकतात, त्यात जीएसटी नसतो, गाडीभाडं नसतं, बसवणूक नसते. समितीत कात्री लागते तीही पहिल्यांदा इक्विपमेंटलाच. मग मंजूर रकमेत बसणारा पातळ पत्र्याचा हौद येतो आणि तीन वर्षांच्या कामाचा पाया तोच. संस्थेच्या आवारात दुसऱ्या विभागाकडं मेझ धूळ खात पडलाय का तेही बघा. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतोय, पण जिन्याखालचा हौद बघितल्यापासून राहवत नाही. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली आणि जेमबाहेर घ्यायची मोकळीकही दिली. आमचा साधा हौद त्यात आरामात बसतो. खरेदी अधिकाऱ्याला त्या आदेशाची प्रत दाखवा, बऱ्याच जणांनी तो वाचलेलाच नाही.

प्राण्यांवरचे प्रयोगच बंद होणार, असं पुतण्या म्हणतो. २०२३ च्या नियमबदलानं प्राण्यांशिवायच्या चाचण्यांना वाट मोकळी केली हे खरं. प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी चालतील तर चालू देत, उंदरांचेही हाल वाचतील. पण माणूस दूध आणायला जाऊन घर विसरतो ते त्या प्लेटला कसं कळणार, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सध्या बार्न्स मेझचं काम चालू आहे. वीस भोकांची गोल चकती, पाणी नाही, गळती नाही. भोकांच्या कडा हातानं घासाव्या लागतात, त्याला दोन नवी पोरं घेतलीत. पाटी आता रिव्हेटनं मारत नाही, नाव मोल्डमध्येच कोरलंय. काढायचं तर हौद फोडावा लागेल. डिलिव्हरी चार आठवडे. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघण्याआधी, मॅडमच्या विद्यार्थ्यांना उधारी चालेल. 'मार्च एंड आहे, आधी नुसतं बिल द्या, माल मागाहून पाठवा' असं म्हणणाऱ्यांनी कृपया फोन करू नये.