गच्चीवरची वारी

३० जून २०२०, आषाढ शुद्ध दशमी
हडपसर, पुणे

आज दुपारी आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबारायांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला निघाल्या. सोबत मोजकेच वारकरी. टीव्हीवर बस हलली तशा सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, वाखरीला पोचायचंय आपल्याला, पंढरपूरच्या आधीच्या मुक्कामाला," आणि पायात चपला सरकवून जिन्याकडे निघाल्या.

हे लिहून ठेवायलाच हवं.

पाडव्यापासून, म्हणजे २५ मार्चपासून, कोरोनाच्या लॉकडाउनमुळे घरात कोंडून घेतल्यावर मला सगळ्यात जड काय गेलं असेल तर वार कळेनासे झाले ते. आधी एकवीस दिवस म्हणाले, मग ३ मे, मग पुन्हा वाढ. यांचा पगार अर्ध्यावर आला. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले. रात्री अॅम्ब्युलन्स गेली की घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. सकाळी उठायचं ते कशासाठी, तर भाजीची पिशवी धुवायला आणि टीव्हीवर आकडे बघायला. 'सकारात्मक राहा' असे मेसेज ढिगाने यायचे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्यांनी दिवस काही ढकलला जायचा नाही.

जूनमध्ये पालख्यांचं प्रस्थान झालं, पण पादुका देवळातच मुक्कामी राहिल्या. आमच्या घरासमोरून दरवर्षी दोन्ही पालख्या जातात. इथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवेघाटाकडे वळतात आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. पहाटेपासून रस्ता पताकांनी भरलेला, आम्ही चहाची पातेली घेऊन उभे, आणि आई, म्हणजे सासूबाई, डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत. यंदा तो रस्ता रिकामा. आईंचं जेवण कमी झालं. मला धास्ती वाटायला लागली.

एका सकाळी त्यांनी कुंडीतली तुळस छोट्या वृंदावनात लावली, डोक्यावर घेतली आणि गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या सुरू केल्या. मी मागोमाग गेले तर म्हणाल्या, "आज पुण्यातला मुक्काम संपला. उद्या सासवड. घाट चढल्याशिवाय सासवड येत नाही, सुनबाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच घाट चढला. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, जिन्याने, कठड्याला धरून, एकेका मजल्यावर दम खात. तोंडाला पदर बांधलेला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार किलकिलं केलं आणि आतूनच "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणाल्या. बरेच दिवस त्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही मोठा आवाज ऐकू आला नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या दिवसांना नावं मिळाली. आज जेजुरी, आज वाल्हे, आज लोणंद. नीरेच्या दिवशी माउलींच्या पादुकांना नदीत स्नान घालतात, तर आईंनी देव्हाऱ्यातल्या टाकांना कळशीभर पाण्याने आंघोळ घातली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो. त्या दिवशी मुलगी ऑनलाइन वर्ग आटोपून धावत वर आली आणि "मी अश्व" म्हणत वाळत घातलेल्या चादरींच्या दोन रांगांमधून सुसाट पळाली. आजी टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक आठवड्यांनी मी मनापासून हसले होते.

संध्याकाळी हरिपाठ. दिंडीतल्या बायका मोबाइलवर जमतात. आवाज मागेपुढे होतात, कुणाचे टाळ आधी पोचतात, कुणाचा चेहरा मध्येच गोठतो, पण एकमेकींना "माउली" म्हणून विचारपूस झाल्याशिवाय कुणी फोन बंद करत नाही. एकीच्या घरी दोघं पॉझिटिव्ह निघाले तेव्हा ती चार दिवस दिसली नाही. पाचव्या दिवशी दिसली तर सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, कुणाचंच काही कळेना. घरचे सुखरूप आहेत, एवढं समजलं.

यात्रा बंद ठेवली ते योग्यच केलं असं मला वाटतं. एवढ्या गर्दीत हा आजार गावोगाव गेला असता. पंढरपुरात आज संचारबंदी आहे, चंद्रभागेचं वाळवंट ओस आहे, आणि ते पाहताना पोटात तुटतं, तरी योग्यच केलं. आईही तसंच म्हणतात. विठोबा काही पळून जात नाही, फक्त आपले पाय चालते राहिले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भूक परत आली आहे, आणि बातम्या आता आम्ही दिवसातून एकदाच लावतो.

उद्या एकादशी. वरीचे तांदूळ निवडून ठेवलेत, रताळी आणलीत, साबुदाणा रात्री भिजवते. परवा बारस सोडली की दोन दिवस विसावा. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की दरवर्षी माउली परतीला निघतात, म्हणून आम्हीही परतीचं चालायचं असं आईंनी मघाशीच बजावलं आहे. गच्चीवर टाकीच्या मागच्या बाजूला पावसाने शेवाळ धरलंय, त्यांचा पाय घसरायला नको. पौर्णिमेच्या आत ते खरवडून काढायला हवं; यांना सांगून ठेवलंय, आणि मुलीने ब्रश आधीच शोधून ठेवला आहे.