चांगली आर्टरी सोडून दिली

कानाच्या अगदी पुढे, जबड्याच्या सांध्याच्या जरा वर बोट ठेवलं की ठोका लागतो. ती सुपरफिशियल टेम्पोरल आर्टरी. डोक्यावर फ्लॅप, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तवाहिन्यांसकट आणलेला तुकडा, जोडायचा असला की प्लास्टिक सर्जनचं बोट पहिल्यांदा तिथेच जातं. ती जवळ असते, वरवर असते, मानेत खोल शिरावं लागत नाही. त्या दिवशी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरचं बोटही तिथेच होतं.

"मॅडम, पल्स मस्त आहे. हीच घेऊ."

पेशंट साठी ओलांडलेले काका. डोक्याच्या टाळूवर स्क्वेमस सेल कॅन्सर, म्हणजे कातडीचा कॅन्सर. एकदा ऑपरेशन झालेलं, डाव्या बाजूची कातडी फिरवून जखम झाकलेली, मग रेडिएशन, आणि आता गाठ पुन्हा उगवलेली. कॅन्सर सर्जननी गाठ काढली तेव्हा कवटीचा वरचा थरही तासावा लागला. उरलं ते तळहातापेक्षा मोठं उघडं हाड. हाडावरचं पातळ आवरण शाबूत असतं तर साधी स्किन ग्राफ्ट, म्हणजे कातडीचा पातळ थर, धरली असती. इथे तेही गेलेलं, आणि रेडिएशन झालेल्या उघड्या हाडावर ग्राफ्ट रुजत नाही. आजूबाजूची कातडी ओढून आणावी तर ती चामड्यासारखी ताठ. म्हणून पाठीचा लॅटिसिमस स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून डोक्यावर बसवायचा आणि वर ग्राफ्ट घालायची, असं ठरलं. १९७२ मध्ये मॅक्लीन आणि बंकी यांनी पोटातलं ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरची चरबीची झालर, डोक्यावर नेऊन मायक्रोस्कोपखाली जोडलं, तेव्हापासून हा रस्ता खुला आहे. स्नायू कुठला घ्यायचा यावर आता फारसा वाद होत नाही. तो जोडायचा कुठे, हा प्रश्न मात्र दर पेशंटला नव्याने सोडवावा लागतो.

डाव्या बाजूचा विचार आदल्या दिवशीच संपला होता. जुन्या ऑपरेशनचा व्रण कानापुढून वर गेलेला, म्हणजे तिकडची आर्टरी बहुधा तेव्हाच कापली गेलेली. रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉपलरवरही काही ऐकू आलं नाही. डोक्यावर आधी काम झालेलं असेल तर मी स्कॅनच्या आधी व्रण वाचते. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, उजवी आर्टरी सुरेख दिसत होती. पण तो स्कॅन आर्टरीसाठी काढलेला असतो, व्हेनबद्दल, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या शिरेबद्दल, तो जवळजवळ मुकाच. आणि खरी भानगड तिथेच असते. फ्लॅप गेला तर बहुतेक वेळा व्हेनमुळे जातो. रक्त आत येतं, बाहेर पडायला वाट नसते, स्नायू फुगतो, काळानिळा पडतो, गुठळी होते.

काकांना डाव्या कुशीवर घेतलं. पाठ, मान आणि चेहऱ्याची उजवी बाजू एकदमच हाताशी आली. एक टीम पाठीवर, मी कानापुढे. आर्टरी सापडली, जवळपास दोन मिलिमीटर, भिंत मऊ, जोरात उडणारी. तिच्या शेजारची व्हेन मात्र दोरा. रेडिएशनच्या पट्ट्यात कपाळाची बाजूही आलेली असणार. भिंत जाड, पांढुरकी, भोवतालच्या चरबीला चिकटलेली. ही व्हेन खाली पॅरोटिड ग्रंथीकडे जाताना मोठी होत जाते, म्हणून कानाला धरून तिच्या मागे खाली गेले. पुढे सरकायची सोय नाही, भुवई उचलणारी नर्व्ह गालाच्या हाडावरून तिथूनच जाते. खाली जाऊनही व्हेन कशीबशी एक मिलिमीटर.

रेसिडेंटनी पर्याय सुचवला, आणि तो चुकीचा नव्हता. आर्टरी इथेच जोडायची, व्हेनसाठी पायाची सॅफेनस शीर मध्ये घालून मानेतल्या एक्स्टर्नल ज्युग्युलर व्हेनला न्यायची. अनेक जण असं करतात, मीही केलं आहे. पण व्हेनमधला प्रवाह आधीच मंद. त्यात लांब नळी आणि एका जोडाच्या जागी दोन. नाइलाज असेल तर ठीक. तो आहे का, हे अजून कुठे पाहिलं होतं?

जबड्याच्या खालच्या कडेला, मॅसेटर स्नायूच्या पुढे, छोटा छेद घेतला. ओठ खाली ओढणारी नर्व्ह तिथे फेशियल रक्तवाहिन्यांवरूनच जाते, तिला वर उचलून सांभाळलं. खाली फेशियल आर्टरी, आणि तीन मिलिमीटरची मऊ, निळी, रेडिएशन न लागलेली व्हेन.

आता प्रश्न लांबीचा. सिल्कचा धागा घेतला, जबड्यापासून कानाच्या वरपर्यंत मोजलं. मग भूलतज्ज्ञांना मान विरुद्ध बाजूला वळवायला सांगितली आणि पुन्हा मोजलं. धागा कमी पडला. ऑपरेशन टेबलवर मान गप्प असते, वॉर्डात पेशंट ती वळवणारच. पाठीवरच्या टीमला सांगितलं, स्नायूच्या थोरॅकोडॉर्सल रक्तवाहिनीवर थांबू नका, ती जिथून फुटते त्या काखेतल्या सबस्कॅप्युलरपर्यंत जा. त्यातून काही सेंटिमीटर मिळाले. बाकीचे स्नायूनेच दिले. त्याचा वरचा भाग जखमेच्या कडेबाहेर, कानाच्या वरपर्यंत खाली उतरवला, म्हणजे रक्तवाहिन्यांना तेवढं कमी चालायचं. डोक्यावर थोडी जास्त जागा स्नायूने झाकली गेली. कोणाची तक्रार असायचं कारण नव्हतं.

हे सगळं होईपर्यंत पाठीवरची मुख्य रक्तवाहिनी कापू दिली नाही. स्नायूला रक्ताविना फार वेळ ठेवता येत नाही, कातडीपेक्षा तो लवकर मरतो. जागा पक्की नसताना फ्लॅप सोडवणं म्हणजे वरात निघाल्यावर मुलगी शोधणं.

रेसिडेंटच्या डोळ्यांतला प्रश्न दिसत होता. त्याने विचारलंच, "पण मॅडम, एवढी चांगली आर्टरी सोडायची? आर्टरी वर, व्हेन खाली करू ना."

करता आलं असतं. पण पेडिकल, म्हणजे स्नायूच्या आर्टरी-व्हेनची जोडी, फाडून दोन दिशांना न्यायचं, आणि रात्री गुठळी झाली तर हाताशी काय उरतं? ती आर्टरी अनकट राहिली तर पुन्हा उघडावं लागलं तेव्हा ती आहे. राखीव म्हणून तिची किंमत जास्त होती.

जबडा ते कान बोगदा केला, दोन बोटं सैल जातील इतका रुंद. व्हेनच्या एका कडेवर निळ्या शाईची रेघ ओढली, बोगद्यातून ओढताना पीळ पडला तर रेघ फिरलेली दिसते. आधी व्हेन जोडली, मग आर्टरी, नऊ-शून्य नायलॉनच्या अतिबारीक धाग्याने. क्लॅम्प सोडल्यावर स्नायूच्या कापलेल्या कडेतून लालभडक रक्त आलं, आणि व्हेन भरून वाहू लागली.

रात्री आयसीयूतल्या सिस्टरनी फोन केला. डॉपलरचा आवाज मध्येच जात होता. मी पोचेपर्यंत त्यांनीच कारण शोधलं होतं. काका झोपेत उजवीकडे कलले की जबड्याखाली घडी पडायची, आणि ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक नेमकं बोगद्यावरून गेलेलं. मास्क काढून नाकातली नळी लावली, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. आवाज पुन्हा गेला नाही.

ग्राफ्ट नीट धरली. डिस्चार्जचे कागद तयार करताना रेसिडेंटच्या ऑपरेशन नोटमध्ये एक ओळ होती: 'उजव्या टेम्पोरल रक्तवाहिन्या निरुपयोगी.' ती खोडून त्याला लिहायला लावलं: 'व्हेन निरुपयोगी. आर्टरी उत्तम, न कापता ठेवली आहे.' हा कॅन्सर तिसऱ्यांदा आला तर टेबलाशी मी असेनच असं नाही.