तुम्ही विचारलंत म्हणून: तो माँटेसरीचा सेट कुठून घेतला?

घरी कुणी आलं की हॉलमधल्या खालच्या शेल्फकडे नजर जाते आणि मग प्रश्न ठरलेला, "हा माँटेसरीचा सेट कुठून घेतलास गे, केवढ्याला पडला?" परवा शाळेच्या गेटवर दोघींनी विचारलं, नणंदेने तर सरळ लिंक पाठव म्हणून मेसेज टाकला. लिंक नाहीये. म्हणजे एक होती, पण ती मी कुणालाच देणार नाही.

माँटेसरीचा सेट म्हणजे पोरांनी स्वतः हाताळून शिकायची साधनं. पहिला सेट ऑनलाइनच मागवला होता, थोरला अडीच वर्षांचा असताना. त्यात तो प्रसिद्ध पिंक टॉवर. मुळात तो दहा ठोकळ्यांचा मनोरा असतो, सगळ्यात छोटा ठोकळा एक सेंटीमीटरचा आणि मग एकेक सेंटीमीटर वाढत दहापर्यंत, सगळे एकाच गुलाबी रंगाचे. एकच रंग का, तर पोराचं लक्ष फक्त लहानमोठेपणाकडे जावं म्हणून. मला आले ते सात रंगांचे, प्रत्येकावर एकेक प्राणी, आणि पट्टी लावून बघितलं तर सहावा आणि सातवा जवळजवळ सारखेच! पोरगा हत्ती कुठाय, वाघ कुठाय करत बसला, मनोरा राहिला बाजूला. परत पाठवायला गेले तर रंगीत आहे म्हणून परत घेत नाही म्हणाले, म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

मग थोडं वाचलं. माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर, 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर सुरू केलं. 1939 ला त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत इकडेच अडकल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीत आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा ती महागडी साधनं परवडणारी नव्हतीच, हाताशी मिळतील त्या वस्तू घेतल्या. हे वाचल्यावर मला जरा धीर आला. आणि हो, माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, पाटी कुणीही लावू शकतं, खोक्यावरही कुणीही छापू शकतं, त्यामुळे त्या शब्दाला भुलायचं कारण नाही.

मी बघते ते एकच, चूक झाली की ती वस्तू स्वतः सांगते का? आईने "अरे चुकलं" म्हणायला लागू नये. दट्ट्यांची पेटी बघा, लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि त्यात बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला वर छोटी मूठ. जाड दट्टा बारीक भोकात जातच नाही, आणि बारीक दट्टा जाड भोकात टाकला तर शेवटी एक दट्टा हातात उरतो ज्याला जागाच नाही. पोर स्वतःच परत सगळं काढतं. शिवाय मूठ तीन बोटांत धरतात, पुढे पेन्सिल तशीच धरायची असते.

ही पेटी मी करून घेतली. तेव्हा गोव्यात आमच्या डिचोलीच्या घराचं दाराचं काम चालू होतं, फणसाची फळी उरली होती, आमच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, दट्टे लेथवर काढून आणले आणि फेब्रुवारीत अशी सुंदर पेटी दिली की मीच दोन दिवस खेळले. जूनपर्यंत मस्त. मग पाऊस लागला, आणि पंधरा दिवसांत चौथा आणि पाचवा दट्टा आपल्याच भोकात जाईनात. बरोबर जागी ठेवतोय तरी जात नाही, पोरगा दाबतोय, वरून हाताने ठोकतोय, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला येत नाही." जी वस्तू चूक दाखवायला केली ती खोटं बोलत होती आणि पोराला वाटत होतं आपलंच चुकतंय. मला इतकं वाईट वाटलं. मेस्तांना फोन केला तर हसले, "बाय, पावसांत लांकूड फुगतलेंच." घासून दिले. पुढच्या एप्रिलात तेच दोन दट्टे खुळखुळायला लागले आणि शेजारच्या भोकातही जायला लागले, म्हणजे पेटी परत खोटारडी. आता मी चार महिने ती पेटी वर ठेवते.

पावसाळ्यात काय मग? अळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी. दोन स्टीलचे पेले, एकात अर्धा पेला अळसांदे, ह्यातून त्यात ओतायचे, बस. टाइल्सवर सांडले की टणटण आवाजच सांगतो, आणि वेचायचे त्यानेच. (धाकटी सगळं तोंडात घालते, ती जागी असेपर्यंत हे पेले काढतच नाही, चिंचोके आणि कवड्यांचंही तसंच.) आणि चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांनी, फळांनी भरलेली चौकट! वर्गीकरणाचं एवढं मोठं साधन डोक्यावर टांगलेलं असताना प्लास्टिकची फळं कशाला आणायची? उतरवल्यावर तीनच वस्तू पुढ्यात घेतो, हे कांगलं, हा चिबूड, हे तोरिंजन. मग "चिबूड दाखव." मग एकावर बोट ठेवून "हे काय?" ही तीन पायऱ्यांची पद्धत माँटेसरीबाईंनी सेगाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरकडून घेतलेली. तिसऱ्या पायरीला अडला तर हसत दुसरीवर यायचं, ओरडायचं नाही. घागऱ्यो नावाच्या शेंगा वाळवून ठेवते, हलवलं की आत बिया वाजतात, ते ऐकायला दोघंही तयार.

अक्षरं मात्र विकतची मिळाली तरी घेऊ नका, इंग्लिशच जास्त मिळतात. पॉलिश पेपर, म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद, आणून पुठ्ठ्यावर क, म, ळ कापून चिकटवलेत, बोट फिरवायला. आमच्या दमट हवेत गोंद सुटतो, पुठ्ठ्याला बुरशी येते, वर्षाला परत करावे लागतात. ळ मी दोनदा उलटा चिकटवला, पोरानेच सांगितलं.

तर खर्च विचारलात म्हणून, ऑनलाइन सेट सोडला तर पॉलिश पेपर, गोंद आणि मेस्तांची एका दिवसाची मजुरी. मेस्तांचा नंबर मात्र मागू नका. गुलाबी मनोऱ्यासाठी परत बोलावलं तेव्हा दहाही ठोकळे पट्टीने मोजून घेतले मी त्यांच्यासमोर, तेव्हापासून म्हणतात दार खिडकी असेल तरच फोन करा.