ऑरलँडोत एक जेवण खास करायचं असेल तर: बेळगावकरांसाठी

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना आमच्या टिळकवाडीत हल्ली हमखास विचारतात, "डिस्नेला जाणार की नाही?" मग तिकिटं, राइड्स, कुठल्या महिन्यात गर्दी कमी, यावर सगळ्यांकडे सल्ले असतात. जेवणाचा विषय निघाला की उत्तर येतं, "ठेपले न्या, बाकी काहीतरी मिळतंच." रोजच्या पोटापाण्याला ते ठीक आहे. पण आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, ताई-भावोजी अटलांटाहून गाडीने येणार होते, आणि एक संध्याकाळ तरी नीट बसून, चांगल्या ठिकाणी जेवायची असं ठरलं होतं. असं जेवण तिथे आयत्या वेळी मिळत नाही. दोन महिने आधी हालचाल करावी लागते.

ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडम अशी चार उद्यानं आणि भोवती त्यांचीच हॉटेलं. उत्तम रेस्टॉरंटांपैकी बरीचशी या हॉटेलांत आहेत, आणि तिथे जेवायला उद्यानाचं तिकीट लागत नाही. हे कळल्यावर आमचं निम्मं गणित सुटलं. ज्या दिवशी पार्क नाही, पाय मोकळे आहेत, त्या दिवशी खास जेवण ठेवा. दिवसभर उन्हात फिरून आलेल्या सत्तरीच्या माणसाला रात्री तीन कोर्सचं जेवण म्हणजे शिक्षाच.

यादीत पहिलं नाव सगळेच घेतात ते ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलमधल्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स'चं. 2024 मध्ये त्याला मिशेलिनचा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटांना मानांकन देणाऱ्या मार्गदर्शिकेचा, तारा मिळाला. ठरलेला मेन्यू, अनेक छोटे कोर्स, काही तासांचं जेवण, औपचारिक कपडे घालून यायचं. 2022 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हाच माणशी 295 डॉलरपासून सुरुवात होती, वाइन वेगळी. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आमची भाची सात वर्षांची, त्यामुळे चर्चा तिथेच संपली. भावोजींचा चेहरा थोडा उतरला, अण्णांचा खुलला. नवराबायको दोघंच जात असाल, खाण्याची खरी आवड असेल आणि सूट बॅगेत मावत असेल तर जरूर विचार करा.

दुसरं नाव भाचीचं: सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण. मॅजिक किंगडमच्या मधोमध उभ्या किल्ल्यात वर बसवतात, राजकन्या भेटायला येतात. तिकीट लागतं आणि जेवणाचे पूर्ण पैसे बुकिंगच्या वेळीच भरावे लागतात. पाच-सात वर्षांच्या मुलीसाठी पैसे वसूल होतात, मोठ्यांसाठी नाही, हे माझं मत. तुम्ही तिथे खोलीसाठी आणि राजकन्यांसाठी पैसे देता. ताईने भाचीला राजकन्यांची रांग उद्यानातच दाखवली आणि प्रश्न मिटला.

'स्पेस 220' हे भावोजींचं. एपकॉटमध्ये, 2021 मध्ये सुरू झालेलं. लिफ्टसारख्या खोलीतून 220 मैल वर अवकाशात नेल्याचा भास करतात आणि खिडक्यांतून पृथ्वी दिसते. जावंसं वाटलं तर दुपारी जा, दुपारचा मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्त असतो.

शेवटी ठरलं 'कॅलिफोर्निया ग्रिल'. कन्टेम्पररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर, 1995 पासूनचं. खालून दुसऱ्या मजल्यावर नाव सांगायचं, मग ते लिफ्टने वर नेतात. काचेच्या भिंतीपलीकडे मॅजिक किंगडम आणि तळं. रात्री फटाक्यांची वेळ झाली की आतले दिवे मंद करतात, कार्यक्रमाचं संगीत आत लावतात आणि सगळे ताट सोडून गच्चीवर जातात. आईला सिंड्रेला ठाऊक नाही, मिशेलिन ठाऊक नाही, पण उंचावरून आतषबाजी बघणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरात सात ते सत्तर अशी माणसं असतील तर नाव आणि तारे बाजूला ठेवा, सगळ्यांना एकाच वेळी काय दिसणार ते बघा. आम्ही निवड याच एका कसोटीवर केली.

जेवण तीन कोर्सचं, ठरलेल्या दराचं, माणशी साधारण शंभर डॉलर. कर आणि टीप वरून. आईने तिच्या सगळ्यात जड इरकलीत जायचं ठरवलं होतं. भावोजींना वाटत होतं की चालेल की नाही. अर्थातच चालतं, नियम पोहण्याचे कपडे, फाटक्या जीन्स आणि बिनबाह्यांचे बनियन यांच्याविरुद्ध आहे. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उठून पदर बघायला आल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "हिचा फोटो काढायला पैसे लावा, बिल निघेल."

आता बुकिंग. तारखेच्या 60 दिवस आधी टेबलं खुली होतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना पोहोचण्याच्या दिवसापासून 60 दिवस मोजून, पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी जेवणं एकदम नोंदवता येतात. म्हणून कॅलिफोर्निया ग्रिलसारखं ठिकाण मुक्कामाच्या शेवटाकडे ठेवलं तर मिळण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन बुकिंग तिथल्या सकाळी सहाच्या सुमारास उघडतं. उन्हाळ्यात ते आपल्याकडचे दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. तिकडे मुलांनी पहाटे गजर लावण्यापेक्षा हे काम बेळगावात बसून करणं सोपं. दुपारची झोप आटोपून चहा घेताना मीच केलं. खातं आधी उघडून, कार्ड भरून ठेवा. आपलं कार्ड वापरायचं तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते आदल्या दिवशीच बघा, आणि चलन बदलण्याचं शुल्क लागतं हे धरून चला. शक्य असेल तर तिथल्या मुलांचंच कार्ड लावा.

पहिल्या दिवशी हवी ती वेळ मिळाली नाही तर सोडू नका, रोज बघत राहा. बहुतेक ठिकाणी वेळेत रद्द न करता गैरहजर राहिलं तर माणशी 10 डॉलर कापतात, त्यामुळे बेत बदललेले लोक टेबल मोकळं करतात. आम्हाला आधी संध्याकाळी पाचची वेळ मिळाली होती. ती घेतली तरी नुकसान नाही: त्या दिवशीची जेवणाची पावती दाखवली की रात्री फटाक्यांसाठी पुन्हा वर सोडतात. म्हातारी माणसं लवकर जेवतात, त्यांना तर हेच बरं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्रींत हे जेवण ठेवू नका. उन्हाळ्यात तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेतीन. अण्णा पहिल्या संध्याकाळी सूपच्या वाटीसमोर बसल्या बसल्या झोपले होते, आणि ते सूप साध्या फूड कोर्टातलं होतं.

शाकाहाराचं बुकिंगमध्येच लिहा आणि टेबलावर पुन्हा सांगा. मेन्यूत पानाचं चिन्ह असलेले पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य असतात: दूध नाही, अंडं नाही, मध नाही. अंडं न खाणाऱ्यांना तेच सुरक्षित. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असं तिथे गृहीत असतं, आणि सूप मांसाच्या रश्शात केलेलं आहे का हेही विचारावं लागतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आधीच कळवावं. मुलांचा दर तीन ते नऊ वर्षं. दहावं लागलं की मोठ्यांचा दर, ताटात काहीही उरलं तरी.

आणि एक जोड देतो, कारण आई-अण्णांना ती जास्त आवडली. अॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये 'सना' आहे. आफ्रिकी स्वयंपाक, त्यात भारतीय मसाला, आणि खिडकीबाहेर गवताळ मैदानावर जिराफ, झेब्रे. इथे दुपारीच जायचं, अंधारात काही दिसत नाही. त्यांची प्रसिद्ध डिश म्हणजे पाच प्रकारचे नान-कुलचे-पराठे आणि सोबत नऊ वाट्या: रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची, आंब्याची, लसणाचं लोणचं आणि काय काय. दर वीस डॉलरच्या वर. आईने सगळ्या वाट्या चाखल्या आणि म्हणाली, "नऊ चटण्या, आणि शेंगाचटणी एकातही नाही." पण ताट स्वच्छ केलं. अण्णा खानापूरकडचे, गोठ्यात वाढलेले. त्यांनी जेवण अर्ध्यावर ठेवून अंकोले गायींची लांबलचक शिंगं बघायला खिडकी गाठली. फाइन डायनिंग म्हणावं असं ते नाही, पण घरातल्या शाकाहारी माणसाला पोटभर जेवल्याचं समाधान हवं असेल तर एक दुपार तिथे ठेवा. लॉज त्याच नावाच्या उद्यानाला चिकटून नाही, चालत जाता येत नाही. बस किंवा टॅक्सी घ्या, आणि उतरताना किडानी हा थांबा वेगळा आहे हे लक्षात ठेवा, लॉजच्या दुसऱ्या इमारतीला, जांबो हाउसला, उतरलात तर बरंच चालावं लागतं.

कॅलिफोर्निया ग्रिलहून निघताना घाई करू नका. फटाके संपले की उद्यानातली सगळी गर्दी मोनोरेल आणि बसच्या रांगांत येते. कॉफी मागवा, अर्धा तास बसा. बिल आलं की नीट वाचा: सहा किंवा जास्त माणसं असतील तर 18 टक्के टीप आधीच जोडलेली असते आणि खाली टीपसाठी रिकामी ओळ पुन्हा असतेच. आम्ही सहा होतो. भावोजींनी पेन उचललं होतं, ताईने वरचा आकडा दाखवला.