तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जाऊ कसं दिलंत?’

लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा गालावर वस्तरा टेकलेला असताना न्हाव्यानं विचारलं, तेव्हा मान हलवून सुटायचीही सोय नव्हती. बायको सहारा वाळवंटात २५० किलोमीटर धावायला गेली, आणि तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?

आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्यानं विचारलं की हेच वाचायला देईन.

‘दिलंत’ या शब्दावर माझं पहिलं भांडण. ती ५१ वर्षांची आहे. बँकेत लोकांची कर्जं मंजूर करते. मॅरेथॉन दे साब्ल या मोरोक्कोतल्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीसाठी मोडली ती मुदत ठेव तिची. मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘अरे, मी फॉर्म भरला.’ मला वाटलं, आयकराचा. परवानगी मागण्याचा प्रसंग आमच्या घरी घडलाच नाही, तेव्हा ती मी मोठ्या मनानं दिली की नाइलाजानं, हे कशाला उगाळायचं? आणि मी गेलो असतो, तर तिला हा प्रश्न कुणी केला असता का? तिला विचारलं असतं, ‘बरोबर खायला काय दिलंत?’

‘मग सोबत तरी जायचंत.’ कुठे? धावणाऱ्यांचा मुक्काम वाळवंटात, एकेका तंबूत सात-आठ जण, खाली सतरंजी. घरच्यांना तिथे जागा नाही. गेलो असतो तरी वारझाझात शहरातल्या एखाद्या हॉटेलात बसून मी नकाशावरचा तिच्या ट्रॅकरचा तोच ठिपका बघितला असता, जो नाशकात घरी बसून बघितला. इथे निदान चहा मनासारखा मिळतो.

नातेवाईक समजूत घालायला म्हणतात, ‘वारीच की एक प्रकारची.’ आमच्या आईनं तीनदा आळंदी ते पंढरपूर पायी वारी केलीय आणि अंतरही साधारण तेवढंच आहे. पण आईला ही तुलना खपत नाही. ‘आम्हाला वाटेत पिठलं-भाकरी वाढणारे होते. तिच्या पाठीवर आठवड्याचं जेवण.’ सुनेचा विषय निघाला की आई फार नेमकं बोलते.

पाणी तेवढं आयोजक देतात. बाकी खाणं, झोपायची पिशवी, विंचू-साप चावला तर विष ओढायचा पंप, आरसा, शिट्टी, सगळं आपल्या पाठीवर. सॅक साडेसहा किलोंपेक्षा हलकी चालत नाही, पंधरापेक्षा जड चालत नाही, आणि दिवसाला किमान २००० कॅलरी भराव्याच लागतात. माझं काम इथे सुरू झालं. सहा महिने स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या ताब्यात होता. टूथब्रश मी अर्धा कापला. सातूचं पीठ, चिक्की, दाण्याचं कूट, सगळ्याच्या दिवसावार पिशव्या केल्या. मेतकूट ३० ग्रॅम की ४०, यावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे घराच्या कर्जावरूनही भांडलो नव्हतो.

बुटांचंही माझ्याकडेच होतं. वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावर कापडी खोळ बसवतात, आणि ती धरून ठेवायला बुटाच्या कडेनं वेल्क्रो शिवून घ्यावं लागतं. शालिमारजवळच्या मोच्यानं नवा करकरीत बूट उलटासुलटा करून बघितला. ‘साहेब, चांगल्या बुटाला टोचे कशाला?’ दोन नंबर मोठा का, तेही विचारलं. धावून पाय सुजतात म्हटल्यावर तो माझ्या पायांकडे बघायला लागला. ‘माझे नाहीत, मिसेसचे.’ मग तो मुकाट्यानं शिवत राहिला. पैसे घेताना म्हणाला, ‘जाऊ कसं देता?’

वजनकाट्याचं आणि बुटांचं मी इतकं लांबण लावलंय, कारण पुढचं सांगायचं जिवावर आलंय.

तिथे फोन लागत नाही. शर्यतीच्या साइटवर धावणाऱ्याचा नंबर टाकून घरचे निरोप लिहितात. ते कागदावर छापून स्वयंसेवक संध्याकाळी तंबूत आणून देतात. तिकडून तिला दिवसाला एक छोटासा ईमेल करता यायचा, तोही रांगेत उभं राहून. तिथल्या प्रिंटरला देवनागरी झेपेल का, या शंकेनं मी पहिल्या दिवसापासून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होतो. हे लक्षात असू द्या.

पहिले तीन दिवस मी अगदी शहाण्यासारखा वागलो. तुळशीला पाणी घातलं, आईचं बीपी बरं आहे, वरच्यांच्या नळाची गळती थांबली. काळजीचा एक शब्द नाही. तिचे ईमेलही तसेच: ‘पाय बरे. वाळू दातांत. मेतकूट कमी पडणार.’ (४०च ग्रॅम हवं होतं. मी तीसवर अडून बसलो होतो.)

चौथा टप्पा लांबचा होता, ८० ते ९० किलोमीटरचा. बहुतेकांची अख्खी रात्र त्यात जाते. मोरोक्को आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. ती तिकडे सकाळी निघाली तेव्हा आमची पानं मांडली होती. रात्री १ वाजून ५० मिनिटांनी ठिपका ५७व्या किलोमीटरला होता. सव्वादोनला तिथेच. पावणेतीनला तिथेच.

तयारीच्या नावाखाली मी नको ते सगळं वाचून ठेवलं होतं. १९९४मध्ये माउरो प्रोस्पेरी हा इटालियन धावक याच शर्यतीत वाळूच्या वादळात वाट चुकला. वटवाघळांचं रक्त पिऊन तगला आणि दहाव्या दिवशी थेट अल्जीरियात सापडला. सगळे त्या वटवाघळांचीच गोष्ट सांगतात. मला त्या रात्री त्याच्या घरचे आठवत होते, दहा दिवस फोनशेजारी बसलेले. ऑक्टोबर २०२१च्या शर्यतीत एक फ्रेंच धावक दुसऱ्याच टप्प्यात दगावला, आणि जवळपास निम्मे लोक ऊन आणि पोटाच्या विकारानं अर्ध्यातून बाहेर पडले. जळगावचं माहेर म्हणून आम्ही ‘उन्हाचं हिला काय कौतुक’ अशी चेष्टा करायचो. पहाटे तीनला ती चेष्टा आठवून घशाला कोरड पडली.

नकाशा मोठा करत गेलो. गाव नाही, रस्ता नाही. शेवटी पडदाभर नुसता तपकिरी रंग आणि मधोमध तो ठिपका. आई पाणी प्यायला उठली. दारातूनच विचारलं, ‘पोचली का?’

‘हो. झोप तू.’

३ वाजून ४० मिनिटांनी मी निरोप लिहिला. ‘पुरे आता. खूप झालं. जिथे असशील तिथे थांब, त्यांच्या गाडीत बस आणि घरी ये. आम्हाला हे झेपत नाही.’

‘आम्हाला’ लिहिलं. आई नुकतीच आत जाऊन पडली होती, मुलगा बंगळुरात झोपला होता. झेपत नव्हतं ते एकट्या मला.

मग मुलाला मेसेज टाकला. सव्वाचारला त्याचा फोन आला. ‘बाबा, चेकपॉइंटच्या वेळा बघितल्यात का?’ त्या वेगळ्या पानावर असतात. मी अडीच तास फक्त नकाशा बघत होतो. ‘आई पुढच्या चेकपॉइंटला पोचून पाऊण तास झालाय.’ झालं होतं एवढंच की थंडी वाजली म्हणून तिनं सॅकमधून जाकीट काढलं, आणि वर चटई पुन्हा बांधताना ट्रॅकर तिच्याखाली दबला. ट्रॅकरला आकाश दिसेना, म्हणून ठिपका हलेना. हे अर्थात मागाहून कळलं.

गेलेला निरोप परत घेता येत नाही. म्हणून मी दुसरा पाठवला: ‘आधीचं वाचू नकोस.’ तीस वर्षांच्या नोकरीत एवढा मूर्खपणा माझ्या हातून झालेला नाही.

दोन्ही कागद तिला एकदमच मिळाले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती सकाळी पोचली होती, फोड सुईनं फोडून घेऊन तंबूत पाय वर करून पडली होती, आणि उद्या पुन्हा ४२ किलोमीटर होते. वरचा कागद ‘आधीचं वाचू नकोस’चा. तिनं अर्थातच आधीचं वाचलं. शेजारच्या इंग्रज बाईनं डोकावून बघितलं. अख्ख्या कागदात तिच्या ओळखीचा एकच शब्द होता, अगदी पहिला. इंग्रजी अक्षरांत ‘पुरे’ लिहिलं की तो ‘प्युअर’ होतो. ‘नवरा तुला प्युअर म्हणतो? किती गोड!’

‘हो,’ ही म्हणाली.

त्या संध्याकाळी तिचा ईमेल आला नाही. ठिपका मुक्कामावर स्वस्थ पडून होता. आदल्या रात्री ठिपका थांबला तर मला ती मेलेली दिसत होती. आता ती धडधाकट आहे हे माहीत होतं, आणि ती बोलत नव्हती. यातली कुठली रात्र जास्त वाईट गेली, ते विचारू नका. तेही विचारलंय लोकांनी.

शर्यत तिनं पूर्ण केली. मुंबई विमानतळावर ती चपला घालून बाहेर आली, पायाच्या दोन बोटांची नखं काळी पडली होती. कल्याण गेलं, शहापूर गेलं, निरोपाचं नाव नाही. कसारा घाट चढताना खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘तू ते लिहिलंस ना, त्या वेळी मी त्या चेकपॉइंटवरच बसले होते. सोडणार होते. कागद तेव्हा हातात असता तर बसले असते गाडीत.’

‘बरं झालं मग, उशिरा मिळाला.’

‘बरं झालं, असं मी म्हणाले नाही.’

त्यानंतर घोटीपर्यंत कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून मी माझ्याशीच वाद घालतोय. काळजी वाटणं हा काय गुन्हा आहे? माणूस मध्यरात्री घाबरतो, काहीतरी लिहून बसतो. ठीक. पण मग ती कुठे आहे हे शोधायच्या आधी मी ‘घरी ये’ का लिहिलं? मुलाला फोन नाही, वेळांचं पान उघडलं नाही, आयोजकांना विचारलं नाही. आधी निरोप. ते वाक्य काही त्या रात्री सुचलेलं नव्हतं. मेथी निवडली त्या दिवसापासून ते माझ्याजवळ तयार होतं, सहा महिने मी त्याच्यावर सातूच्या पिशव्या रचत होतो. ठिपका थांबला आणि निमित्त मिळालं.

तेव्हा ‘जाऊ कसं दिलंत’चं खरं उत्तर हवं असेल तर, नव्हतंच दिलं. ती गेली, आणि संधी मिळताच मी तिला परत बोलावलं.

हे लिहिलं आणि लगेच वाटतं, इतकंही काही नाही. बूट कुणी शिवून आणले? पण बूट शिवून आणणारा आणि ‘पुरे’ लिहिणारा एकच माणूस होता. यातला कोण जास्त खरा, हे मला दोन वर्षांत ठरवता आलेलं नाही. तिलाही विचारलं. ती म्हणाली, ‘मला काय माहीत? मी तर वाळवंटात होते.’

तिनं परत फॉर्म भरलाय. या खेपेला निरोप आईचे. आई सांगणार, मी टाइप करणार, माझा एक शब्द घुसवायचा नाही, अशी अट आहे. वजनकाटा मात्र पुन्हा माझ्याकडे आलाय, मेतकूट ४० ग्रॅम.

आईनं पहिला निरोप आताच सांगून ठेवलाय. ‘लिही तिला, ठिपका थांबला तर थांबू दे, आम्ही झोपतोय.’

आईला ठिपक्याचं कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.